कमळकाकडीचं सूप

मंगळवारी दुपारी भाजीच्या गाडीवर कमळकाकडी दिसली आणि मी अर्धा किलो घेऊन टाकली. ती कशी करतात हे मला ठाऊक नाही. आमच्याकडे ती कधी शिजली नाही. माहेरी नाही, सासरी तर नाहीच. भाजीवाला म्हणाला, "ताई, ही सिंधी लोक नेतात. तुम्ही काय करणार?" मी म्हणाले, "सूप." तो गप्प झाला आणि वर कढीपत्त्याच्या दोन काड्या फुकट टाकल्या. कीव आली असावी.

खरं उत्तर असं होतं, की एका चिनी मालिकेत थोरली बहीण हे सूप करते आणि तिचे दोन भाऊ वाडग्यातल्या तुकड्यांवरून भांडतात. पण हे उत्तर पन्नाशीच्या बाईनं भाजीच्या गाडीसमोर उभं राहून द्यायचं नसतं.

मालिका 'चन छिंग लिंग'. चीनबाहेर तिला 'द अनटेम्ड' म्हणतात. २०१९ची, ५० भाग, एकेक भाग पाऊण तासाचा. म्हणजे सदतीस-अडतीस तास. तेवढ्यात माझे दोन स्वेटर विणून झाले असते. भाची दिवाळीला राहायला आली होती, तिनं हे लावून दिलं आणि बजावलं, "मावशी, पहिले दोन भाग सोसायचे. मधे काही विचारायचं नाही."

मी सोसले. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच नायक कड्यावरून पडून मरतो. सोळा वर्षांनी कोणीतरी मंत्रतंत्र करून त्याला परत आणतं. परत येताना चेहरा तोच, म्हणून तो अर्ध्या चेहऱ्यावर मुखवटा लावून फिरतो. मुखवट्याखाली कोण आहे ते मला कळतं, आमच्या कामवाल्या मावशींना पोळ्या लाटता लाटता कळलं, फक्त त्या कथेतल्या थोर थोर साधकांना कळत नाही. मूळ कादंबरीत तो दुसऱ्याच माणसाच्या देहात येतो, तिथे हा प्रश्नच नाही. पण देखणा नट घेतल्यावर त्याचा चेहरा कोण झाकून ठेवणार? मग कथा जी मागे जाते ती ३३व्या भागाच्या आसपास परत येते, आणि तोपर्यंत पहिल्या दोन भागांत काय झालं होतं ते आपण साफ विसरलेले असतो. परत बघावे लागतात. मी बघितले. तेव्हा कुठे कळलं की ते चांगले होते.

त्यात ती नावं. इथे प्रत्येकाला निदान दोन नावं आहेत. आईवडिलांनी ठेवलेलं एक, मोठं झाल्यावर मिळालेलं मानाचं एक, आणि नाव कमावलं असेल तर वर एक बिरुद. नायक वेई यिंग. तोच वेई वूश्येन. पुढे तोच यीलिंगचा पितामह. दुसरा लान जान, तोच लान वांगजी, तोच हानग्वांग-जून. (वांगजी म्हटलं की मला वांगीच आठवतात, त्याला इलाज नाही.) शिवाय वेई वूश्येनचं काम करणाऱ्या नटाचं नाव श्याओ जान. म्हणजे पडद्यावर एक जान दुसऱ्या जानला जान म्हणून हाका मारतो. दुसऱ्याचं काम करणारा वांग यीबो, त्याचं आडनाव पुन्हा वांग. पहिले दहा भाग मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर वंशावळी लिहीत होते.

तशी तक्रार करायला मला तोंड नाही. आपल्याकडे बारशाचं नाव, पत्रिकेतलं नाव, शाळेतलं नाव आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नाव. माझ्या एका मावशीचं खरं नाव मला तिच्या बाराव्याच्या दिवशी कळलं.

गावांची नावं मात्र खरी आहेत. लान जानच्या घराण्याचं गूसू म्हणजे सुजौ शहराचं जुनं नाव. सूप करणाऱ्या बहिणीचं युनमंग हुबेई प्रांतातलं, जुन्या काळी तिथे मोठी दलदल होती. तिकडे कमळकाकडी आणि बरगडीच्या हाडांचं सूप हा घरोघरचा पदार्थ. त्यासाठी शिजल्यावर पिठूळ होणारी जात लागते. कुरकुरीत जात वेगळी, ती परतून खायला. हे सगळं मी अर्धा किलो घरी आणल्यावर वाचलं. बरगड्या वगळल्या (आमच्याकडे बरगड्या म्हणजे फक्त एक्स-रेमधल्या), आलं-मिरी घालून कुकर लावला. चार शिट्यांनंतरही काकडी कुरकुरीतच होती. आणखी तीन केल्या. ह्यांनी एक घास चावला आणि म्हणाले, "ह्याच्यात भोकं आहेत."

मालिकेचे दोष मी भाचीपेक्षा जास्त सांगू शकते. ती अठरा वर्षांची आहे, तिला श्याओ जान दिसला की पुढचं दिसत नाही. सगळ्यात मोठा दोष म्हणजे संगणकावर केलेली जनावरं. एका गुहेत एक महाकाय कासव आहे. भयानक, शेकडो वर्षं जुनं, माणसं खाणारं. ते पाण्यातून मान वर काढतं तेव्हा आमच्या सोसायटीच्या गणपतीतला थर्माकोलचा देखावा आठवतो. आमचा देखावा बरा, तो निदान हलत नाही. पुढे मेलेली माणसं उठून लढतात, पण त्यांना मेलेली म्हणायचं नाही; 'बाहुली' म्हणायचं. कादंबरीत ती सरळ प्रेतं आहेत. टीव्हीवर मुडदे उठवणं तिथे चालत नाही, म्हणून एका जादूच्या लोखंडाचं उपकथानक बाहेरून आणून चिकटवलंय, आणि ते लोखंड शोधण्यात पाच-सहा भाग जातात. खलनायक सिंहासनावर बसून हात वर करतो आणि डोळे वटारतो, बस्स. शहाण्या बायका सगळ्या मारून टाकल्यात. सूप करणारी ज्यांग यानलीसुद्धा. (सांगून टाकलं. पण मालिकेला बरीच वर्षं झाली, आता एवढं चालतं.)

पण मी १९८७ साली रविवारी सकाळी आंघोळ करून, टीव्हीसमोर हात जोडून रामायण पाहिलेली बाई आहे. इकडून एक बाण निघायचा, तिकडून एक. दोन्ही आकाशात एकमेकांसमोर थांबायचे, जरा विचार करायचे आणि एकमेकांना विझवून टाकायचे. आमचा श्वास अडकायचा. कासवावर हसायचा हक्क मला कितपत आहे, कोण जाणे.

त्यातून ते कासव मारल्यावर काय होतं, ते सांगायला हवं. दोघंही जखमी, गुहेत अडकलेले. वेई यिंगला ताप चढलेला. तो म्हणतो, गप्प बसू नकोस, काहीतरी म्हण. आणि लान जान, हा दगडासारखा मुलगा, ज्यानं आतापर्यंत गरजेपेक्षा एक शब्द जास्त उच्चारलेला नाही, तो गुणगुणायला लागतो. वेई यिंग ग्लानीत विचारतो, या गाण्याचं नाव काय? तो सांगतो, पण याचे डोळे मिटलेले असतात. थर्माकोलच्या कासवानंतर दहा मिनिटांत हे! मी विणकाम बाजूला ठेवलं. सोळा वर्षांनी मुखवटा घातलेला एक वेडगळ माणूस डोंगरात पाव्यावर तेच सूर कसेबसे वाजवतो, आणि मागून कोणीतरी त्याचं मनगट पकडतं. त्या मुखवट्यानं फक्त तो एकजण फसत नाही. संगीत लिन हाय यांचं आहे, आणि ही मालिका अर्धी त्या माणसानं तोलून धरली आहे असं मला वाटतं. उरलेली अर्धी न बोलण्यानं.

कादंबरीत ते दोघं एकमेकांच्या प्रेमात आहेत, उघड. चीनमध्ये दोन पुरुषांचं प्रेम मालिकेत तसं दाखवता येत नाही. मग काय दाखवलंय? एकजण बघतो. दुसरा बडबड करतो आणि हा बघतो. दारूला एरवी न शिवणारा हा एका पेल्यात झिंगतो आणि लोकांच्या कोंबड्या चोरून त्याला आणून देतो. प्रेमाचा शब्द नाही, स्पर्श जवळजवळ नाहीच. भाचीला याचा राग येतो, आणि तो रास्त आहे. ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच ती मोकळेपणी सांगू न देणं यात कौतुक करण्यासारखं काही नाही. मला मात्र न बोलण्याची भाषा वाचता येते. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी घरात दुसरी भाषा वापरलीच नाही.

एक गोष्ट माझ्या वीस-बावीस भागांनंतर ध्यानात आली. अख्ख्या मालिकेत त्या माणसाला सगळे वांगजी म्हणतात, हानग्वांग-जून म्हणतात. त्याचा सख्खा भाऊसुद्धा वांगजीच म्हणतो. लान जान म्हणणारा एकच. जुन्या चीनमध्ये मुलगा विशीत आला की डोक्यावर टोपी चढवायचा समारंभ करून त्याला मानाचं नाव देत. त्यानंतर बरोबरीच्यांनी जन्मनाव घेणं म्हणजे एकतर उद्धटपणा नाहीतर फार जवळीक. वेई यिंग पहिल्यांदा 'लान जान' म्हणतो तो चिडवायला. आणि मग चिडवण्याचं पुढचं कधी झालं ते आपल्यालाही कळत नाही. खालच्या इंग्रजी ओळीत ते फक्त एक नाव असतं. कानांना मात्र कळतं. नंतर भाचीनं सांगितलं की आवाजही त्या नटाचा नाही. तिथे बहुतेक मालिकांना डबिंगचे आवाज असतात, या दोघांनाही आहेत. म्हणजे ज्या हाकेवर मी भाळले ती भलत्याच माणसाची. दोन दिवस मला फसवल्यासारखं वाटत होतं.

लान घराण्याच्या मठात तीन हजारांवर नियम दगडात कोरलेले आहेत. दारू नाही. रात्री बाहेर पडणं नाही. जेवताना बोलणं नाही. तीन वाडग्यांपेक्षा जास्त जेवण नाही. नऊला झोप, पाचला उठणं. वेई यिंगला शिक्षा म्हणून ते लिहून काढायला बसवतात. भाची हसून लोळत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. वाईजवळच्या आमच्या घरात आजीचे तेवढेच होते, फक्त दगडात कोरलेले नव्हते. उंबऱ्यावर बसायचं नाही. मीठ हातावर द्यायचं नाही. रात्री नखं काढायची नाहीत. कात्री रिकामी वाजवायची नाही. जेवताना बोलायचं नाही. आणि दिवेलागणीला केर काढायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते. का, असं विचारायचं नाही, हा शेवटचा.

आजी आजोबांचं नाव घेत नसे, हे सांगायला नको. तिचं नावही कोणी घेत नसे. ती सुनांना सासूबाई, आम्हाला आजी, गल्लीला काकू. आजोबा तिला हाकच मारत नसत. खाकरत.

भाऊबीजेला कऱ्हाडहून तिचा थोरला भाऊ यायचा. दुपारच्या एसटीनं, धोतर, काळी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. फाटकाची कडी काढायच्या आधीच तो तिथूनच मोठ्यांदा हाक मारायचा, "बनेऽऽ!" आणि स्वयंपाकघरातून आजी जी निघायची ती अक्षरशः धावत. पीठ लागलेले हात तसेच. आम्ही नातवंडं थक्क होऊन बघायचो, कारण आजी धावू शकते ही आमच्यासाठी बातमी असायची. मग ओवाळून झालं की ती दोघं उंबऱ्यावर बसायची. उंबऱ्यावर! ती पाय हलवत बसायची, आणि तो कुठल्यातरी विहिरीची, कुठल्यातरी म्हशीची गोष्ट काढायचा, आणि आजी तोंडाला पदर लावून हसायची. "बने, तुला आठवतं का गं..." माझ्या एका चुलतभावानं एकदा विचारलं, बने कोण? आजी म्हणाली, "आहे एक. तू पेढा खा."

मी सातवीत असताना पावसाळ्यात तो गेला. आजी जाऊन आली, तेरा दिवस राहून आली आणि परत कामाला लागली.

त्या वर्षी भाऊबीजेला दुपारी आम्ही मुलं अंगणात होतो. कोणाच्या डोक्यात आलं ते आता आठवत नाही. माझ्याच आलं असेल. फाटकापाशी जाऊन, तोंडाशी हातांचा कर्णा करून, जमेल तेवढा जाड आवाज काढून आम्ही ओरडलो, "बनेऽऽ!"

ती धावत आली. पीठ लागलेले हात. ओसरीच्या पायरीवर थांबली, फाटकाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हात पदराला पुसले आणि आत गेली.

संध्याकाळी दिवा लागला होता, तुळशीपाशी उदबत्ती होती, आणि आजी माजघराचा केर काढत होती. कोपऱ्यापासून दारापर्यंत, सावकाश. आई ते बघत उभी होती. कोणी काही बोललं नाही.