३५ मिमी लेन्सच का ठेवली

एकच कॅमेरा आणि एकच लेन्स जवळ ठेवायची असेल, तर माझी निवड पक्की आहे: निकॉन एफएम२ हा फिल्म कॅमेरा आणि ३५ मिमी एफ/२ ही लेन्स. १९८२ साली आलेल्या या कॅमेऱ्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असून बॅटरी केवळ प्रकाशमापकाला लागते. ती संपली तरी १/४००० सेकंदापर्यंतचे शटरचे सारे वेग चालतात.

लेन्सचा विचार मात्र बराच काळ चालला. ५० मिमी लेन्सचा दृश्यकोन, म्हणजे चौकटीत मावणाऱ्या दृश्याची रुंदी, सुमारे ४७ अंशांचा, तर ३५ मिमीचा सुमारे ६३ अंशांचा असतो, आणि हा फरक कागदावर किरकोळ वाटला तरी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या वस्तीत, तो निर्णायक ठरतो, कारण तिथे मागे सरकायला जागा नसते आणि ५० मिमीमध्ये मठारकाम (भांड्यावर हातोडीने ठोके देण्याचे काम) करणारे हात आले, तर भोवतीची भांडी व दारातून येणारा उजेड चौकटीबाहेर राहतो. एफ/२ असल्याने, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच मोठे उघडत असल्याने, अशा अंधाऱ्या जागीही ४०० आयएसओ इतक्या प्रकाशसंवेदनशीलतेची फिल्म बहुधा पुरते.

व्यक्तिचित्रांसाठी ८५ मिमी लेन्सची उणीव भासेल, हे मला मान्य आहे. पण चेहरा कामापासून वेगळा काढण्यापेक्षा तो कामासकट टिपणे मला अधिक मोलाचे वाटते. उरलेल्या लेन्स मी नव्याने फिल्मकडे वळलेल्या एका मित्राला देणार आहे.