दिवाणखान्यातील छोटा संगणक, नोंद तिसरी : एसएमपीएस

गेल्या नोंदीपर्यंत कॅबिनेट, मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) मदरबोर्ड आणि आय३-१२१०० प्रोसेसर जमले होते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र दोनदा बदलावा लागला. खानापूर तालुक्यातील आमच्या घरी ही निवड शेवटी लाईट जाते त्या क्षणाने ठरवली, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

पहिला फ्लेक्स एटीएक्स, म्हणजे अरुंद आकाराचा, २५० वॅटचा. जाडी जेमतेम ४० मिलिमीटर असल्याने तो नेटका बसला, पण सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे जुने ध्वनिमुद्रण लावले की त्याच्या इवल्या पंख्याची बारीक शिट्टी तानपुऱ्यात मिसळत असे. गाणे ऐकण्यासाठीच हा संगणक बांधला आहे. चार दिवसांत तो काढला.

दुसरा पर्याय बिनपंख्याचा होता : मदरबोर्डच्या २४ पिनांवर थेट बसणारा, एसएमपीएसचे काम करणारा इवलासा पिको बोर्ड आणि बाहेर १२ व्होल्ट, १० अँपियरचा स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर. हिशोब जमत होता. प्रोसेसरची कमाल मर्यादा बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) ६० वॅटवर बांधली होती. नुसता चालू असताना मीटरवर २८ वॅट दिसत, चित्रपट चालू असताना ३६. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपियर ओढते, तेही धरून जागा उरत होती.

मग पाऊस लागला. दिवसा लाईट गेली तर संगणक तग धरी, संध्याकाळी गेली की हमखास बंद पडून पुन्हा सुरू होई, आणि डिस्कमधून ‘खट्ट’ असा आवाज येई. तो आवाज ऐकून माझा जीव वरखाली होत असे. कारण शोधायला दोन आठवडे गेले. संध्याकाळी सॉकेटवर मल्टिमीटर लावला, तेव्हा १८० व्होल्ट दिसले. पीएफसी (पॉवर फॅक्टर करेक्शन, म्हणजे सॉकेटमधून वीज समतोल ओढण्याची सोय) नसलेल्या अ‍ॅडॉप्टरमधील मुख्य कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) सॉकेटमधील विजेच्या लहरीच्या शिखराइतकाच भरतो. २३० व्होल्टला ते शिखर ३२५ असते, १८० ला केवळ २५५. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती साठ टक्क्यांवर येते, आणि इन्व्हर्टर भार उचलेपर्यंतचे काही मिलिसेकंद तेवढ्यावर निभत नाहीत.

इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर ठेवला तर बदल झटपट होतो, हे खरे. पण त्या मोडमध्ये तो कमी व्होल्टेज चालवून घेत नाही आणि लाईट असूनही बॅटरीवर जातो. तीन संध्याकाळी बॅटरी उतरलेली पाहून आई म्हणाली, “रात्री पंखा बंद पडला तर तुझा संगणक वारा घालणार आहे का?” तिचे म्हणणे रास्त होते, मोड पुन्हा ‘नॉर्मल’वर आणला.

अखेर बेळगावहून अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेला ४५० वॅटचा एसएफएक्स (छोट्या कॅबिनेटसाठीच्या आकाराचा) एसएमपीएस आणला. १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरच्या या डब्यासाठी डिस्कचा एक कप्पा सोडावा लागला. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीमुळे बाहेर १८० व्होल्ट असले तरी आतला कपॅसिटर ३८० च्या आसपास भरलेला राहतो. पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद टिकणारा हा साठा माझ्या जेमतेम दहा टक्के भारावर कितीतरी पट पुरतो. इतक्या लहान संगणकाला ४५० वॅट ही उधळपट्टी वाटेल, पण मी ते वॅट वापरायला घेतलेले नाहीत. त्यांच्याबरोबर येणारा मोठा कपॅसिटर मला हवा होता. आपला इन्व्हर्टर साइन वेव्हचा (सॉकेटमधील विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) आहे ना, हे मात्र आधी पाहावे, कारण स्क्वेअर वेव्हवर काही पीएफसी एसएमपीएस नीट चालत नाहीत.

याची किंमतही मोजावी लागते. एसएमपीएसची कार्यक्षमता सांगणाऱ्या ८० प्लस ब्रॉन्झ-गोल्ड या शिक्क्यांच्या चाचण्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर होतात. माझा संगणक बहुतेक वेळ ६-७ टक्क्यांवर असतो, आणि तिथे कार्यक्षमता घसरते. मीटर २८ वरून ३३ वॅटवर गेला. रोज पाच तास धरले तर वर्षाला साधारण ९ युनिट जास्त. मला ते मान्य आहे. या भारावर पंखा फिरतही नाही.

गेल्या पंधरवड्यात लाईट अकरा वेळा गेली, पैकी सात वेळा संध्याकाळी. संगणक एकदाही बंद पडला नाही.

एक गोष्ट बाकी आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येतात, म्हणजे त्या सॉकेटचे अर्थिंग मेलेले आहे आणि एसएमपीएसच्या फिल्टरमधून निसटणारा अल्पसा प्रवाह पत्र्यावर अडतो आहे. परसातील अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा पुन्हा भरायला आणि बोर्डातील तार तपासायला वायरमन रविवारी येणार आहे. तो प्रवाह टीव्हीत जाऊ नये म्हणून तोपर्यंत टीव्हीची एचडीएमआय केबल काढून ठेवली आहे.