तुम्ही विचारलंत म्हणून : पुन्हा कुत्रा का घेतला नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मला दोन प्रश्न विचारले जातात आणि ते बहुधा एकाच दमात येतात. पहिला असा की, अमेरिकेत असताना तुमच्याकडे वाट दाखवणारी कुत्री होती, मग आता नुसती काठी का, पुन्हा कुत्रा का घेतला नाहीत? दुसरा प्रश्न आवाज थोडा खाली आणून विचारला जातो. कुत्र्याला घालायचं ते ‘सर्व्हिस डॉग’ (म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा) लिहिलेलं जॅकेट कुठे मिळतं, आमच्या ब्रूनोला विमानाने अमेरिकेत मुलाकडे न्यायचं आहे. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं विचारणाऱ्यांच्या मनातही येत नाही. माझ्या बाबतीत मात्र दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे, आणि लिफ्ट थांबेपर्यंत ते सांगून होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे.

लिफ्टमध्ये मी देते ते उत्तर खोटं नाही, सोयीचं आहे. मेट्रोच्या कामाने उखडलेला रस्ता, उरल्यासुरल्या फुटपाथवर लावलेल्या दुचाक्या, नाक्यानाक्यावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या, आणि गाइड डॉग तयार करून देणारी, पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारी शाळा जवळपास नाही. घोडबंदर रोडला नावं ठेवली की ठाण्यात कोणाचंही समाधान होतं, तसं ते होतं आणि विषय संपतो. परंतु मी परत येण्यापूर्वी अमेरिकेतच होते, तिथले फुटपाथ सपाट होते, शाळा मला दुसरी कुत्री द्यायला तयार होती, आणि तरीही मी नको म्हणाले, हे त्या उत्तरात येत नाही.

माझा आजार रेटिनायटिस पिग्मेंटोसा. यात नजर कडेकडून मिटत येते आणि मधला तुकडा बराच काळ शाबूत राहतो, त्यामुळे त्या काळात मला किल्लीच्या भोकातून पाहावं तसं दिसत असे. फोनवरचा मजकूर वाचता येई आणि पायाजवळची पायरी मात्र दिसत नसे. हे मुद्दाम सांगते, कारण हातात कुत्र्याचा हार्नेस, म्हणजे त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांची मूठ, धरून फोन वाचणाऱ्या बाईकडे लोक ज्या संशयाने बघतात तो संशय मी पुरेपूर अनुभवलेला आहे. ‘तुम्ही आंधळ्या वाटत नाही’ हे वाक्य मला दोन्ही देशांत ऐकवलं गेलं आहे आणि कौतुक म्हणून ते कोणीही म्हटलेलं नव्हतं.

माझी कुत्री हेझल लॅब्रॅडॉर होती. तिला एका कुटुंबाने पिल्लू असल्यापासून वर्षभराहून अधिक काळ वाढवलं, मग शाळेने कित्येक महिने शिकवलं, आणि त्यानंतर आम्हा दोघींना एकत्र शिकवलं. कुत्रा सिग्नलचा रंग बघून रस्ता ओलांडतो हा सर्वांचा लाडका गैरसमज आहे. वाहनांचा आवाज ऐकून ‘चल’ म्हणायचं ते माणसाने, आणि माणसाचं चुकलं, गाडी आलीच, तर हुकूम मोडून जागच्या जागी थांबायचं ते कुत्र्याने. ही समजून केलेली अवज्ञा तिच्या शिक्षणाचा सर्वांत अवघड भाग असतो. हार्नेसची ताठ मूठ डाव्या हातात असते आणि तिच्यातून कुत्र्याच्या खांद्यांची हालचाल थेट मनगटात येते. डावा खांदा किंचित मागे राहिला की वळण, मूठ वर उचलली गेली की पायरी, आणि मुठीतली ओढ एकदम नाहीशी झाली की पुढे पाऊल टाकायचं नाही. वर्षभरात हे इतकं अंगवळणी पडतं की मी चालता चालता आईशी फोनवर भांडू शकत असे.

२०१९ च्या उन्हाळ्यात शिकागोहून निघणाऱ्या एका विमानात मी पहिल्या रांगेत, समोरच्या भिंतीलगत बसले होते. हेझल माझ्या पायांशी शेपूट पोटाखाली घेऊन पडली होती, कारण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगांची चाकं शेपटीवरून जातात हे तिला ठाऊक झालेलं होतं. हार्नेस काढून मी मांडीवर घेतला होता आणि हातात फक्त पट्टा होता. माणसं आत येत होती. तेवढ्यात गळपट्ट्याच्या बिल्ल्यांची किणकिण ऐकू आली. हेझलच्या बिल्ल्यांना मी रबरी कडं बसवलेलं असल्यामुळे ते वाजत नसत, म्हणून हा दुसराच कुत्रा आहे हे लगेच कळलं. त्याच्यामागून एका बाईंचा, लहान मुलाची समजूत घालावी तसा, लाडिक आवाज येत होता. मग किणकिण थांबली, घशातली गुरगुर सुरू झाली, आणि माझ्या पोटऱ्यांवर एकदम वजन येऊन आदळलं.

हेझल भुंकली नाही. न भुंकण्याचंच तर तिला शिक्षण होतं. ती मागे सरकू लागली, पण मागे माझं आसन होतं. दुसऱ्या कुत्र्याने तिचा कान धरला आहे, हे मला पट्ट्याला बसणाऱ्या हिसक्यांवरून समजलं. मी खाली हात घातला तो कोणाच्या तरी दातांवर लागला. माझ्या पावलांवर काहीतरी ऊन ओघळलं. कर्मचाऱ्यांनी तो कुत्रा मागे ओढला तेव्हा नजरेच्या त्या भोकातून मला त्याच्या लाल जॅकेटचा तुकडा दिसला आणि त्यावरची अक्षरंही वाचता आली. हेझलच्या अंगावर कधीच असं काही लिहिलेलं नव्हतं.

त्या बाई रडत होत्या. ‘तो असं कधीच करत नाही,’ असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि ते खरंच असावं, कारण घरातला कुत्रा घरात असं करत नाहीच. आम्हाला दोघींनाही खाली उतरवण्यात आलं आणि वाट पाहताना त्यांनी मला सगळं आपणहून सांगितलं. कुत्रा पिशवीत मावण्याइतका लहान नव्हता, त्यामुळे पाळीव प्राणी म्हणून त्याला केबिनमध्ये जागा मिळेना. सामानाच्या कक्षात घालायचा तर त्यांचा जीव होईना, कारण आदल्याच वर्षी एका विमानात एक पिल्लू केबिनमधल्या डोक्यावरच्या कप्प्यातही गुदमरून मेल्याची बातमी सगळ्या देशाने वाचली होती. म्हणून त्यांनी इंटरनेटवर एक प्रश्नावली भरली, पैसे भरले, भावनिक आधारासाठी कुत्रा जवळ हवा असं सांगणारं, कधीही न भेटलेल्या एका तज्ज्ञाचं पत्र मिळवलं आणि जॅकेट मागवलं. यात कोणाचं नुकसान होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मला त्यांचा फार राग यायला हवा होता. तो त्या वेळी आला नाही, पुढे आला.

कान बरा झाला. पशुवैद्याने तिला ठणठणीत ठरवलं. परंतु रस्त्यात कुठेही बिल्ल्यांची किणकिण ऐकू आली की हेझलच्या खांद्यांतून एक शिरशिरी मुठीत येई आणि ती माझ्या पायांत शिरू पाही. सुरुवातीला ती थोड्या वेळाने सावरत असे. एके दिवशी चौपदरी रस्ता ओलांडताना, नेमकी मध्यावर, ती खाली बसली. समोरच्या फुटपाथवर कोणी तरी कुत्रा फिरवत होतं. मी ‘चल’ म्हटलं, पुन्हा म्हटलं. मुठीत ओढ नव्हती, आणि ओढ नसली की पाऊल टाकायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं. तिने पुढे धोका आहे म्हणून मला थांबवलं आहे की ती घाबरली आहे, हे मला कळायला मार्ग नव्हता. वळणावरची गाडी हॉर्न वाजवत आमच्यापासून किती अंतरावर थांबली ते मला दिसलं नाही. चालकाने काच खाली करून काय म्हटलं ते ऐकू आलं. शाळेतून प्रशिक्षक आले, आमच्यामागून चालले, आणि त्यांनी तिला कामावरून काढायला सांगितलं. पाच वर्षांचीही नव्हती ती. जिथे वाढली त्याच कुटुंबाकडे ती परत गेली.

तर हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ‘मग दुसरी घ्यायची’ असं तुम्ही म्हणाल, शाळाही तेच म्हणाली. कुत्र्यावरचा माझा विश्वास उडालेला नाही. पण ती मूठ हातात घेऊन बाहेर पडायचं तर वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसांवरही भरवसा टाकावा लागतो, आणि तो मला पुन्हा टाकता आला नाही. याला कोणी भित्रेपणा म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

वाद माझा माझ्याशीच आहे, आणि तो लेखी आहे. २०१८ साली अमेरिकेच्या परिवहन खात्याने विमानातल्या प्राण्यांविषयी लोकांची मतं मागवली होती. त्याच वर्षी जानेवारीत न्यूअर्कच्या विमानतळावर एका बाईंना भावनिक आधारासाठी चक्क मोर घेऊन विमानात बसायचं होतं आणि त्यांना परवानगी नाकारली गेली. त्या बातमीवर सगळे हसले, मीही हसले. तेव्हा मी खात्याला तावातावाने लिहिलं होतं की, चार लबाडांसाठी आमच्याकडे कागद मागू नका, आम्हाला दारोदार आपलं अपंगत्व सिद्ध करायला लावू नका. २०२० मध्ये खात्याने नव्या नियमाचा मसुदा काढला तेव्हा मी पुन्हा लिहिलं की, कागद मागा, सर्वांकडे मागा. दोन्ही पत्रांखाली सही माझीच.

नवा नियम ११ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. सेवा देणारा प्राणी म्हणजे अपंग व्यक्तीसाठी विशिष्ट काम शिकवलेला कुत्राच, भावनिक आधाराचे प्राणी त्यात नाहीत, असं ठरलं. कुत्र्याचं आरोग्य, वर्तन आणि शिक्षण यांविषयीचा फॉर्म विमान कंपनी मागू शकते, आठ तासांच्या किंवा त्याहून मोठ्या प्रवासाला मलमूत्राविषयीचा आणखी एक, आणि त्यात खोटं लिहिणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मला जे हवं होतं ते झालं. परंतु गाइड डॉग असणारे माझे जुने स्नेही आता फॉर्म स्क्रीन-रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, नीट वाचला जात नाही म्हणून चिडतात, आणि खोटं बोलायची तयारी असलेला माणूस फॉर्मवरही खोटी खूण करतोच. विमानातल्या त्या बाईंना खरोखर काही आजार नव्हता, हे तरी मी कशावरून म्हणते? माझा आजार लोकांना दिसत नसे, तसा त्यांचाही मला दिसला नसेल. २०१८ ची मी हे ऐकून खूश होईल आणि २०२० ची मी माझ्याशी बोलणं टाकेल.

आता ब्रूनो. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा हा तीसेक किलोचा लॅब्रॅडॉर. मुलाचं ह्यूस्टनला बस्तान बसलेलं, काका गेल्यापासून काकू एकट्या, आणि मुलाने कायमचं बोलावलेलं. ‘अहो, त्याला सगळं शिकवलेलं आहे,’ काकू म्हणाल्या. ‘बस म्हटलं की बसतो, शेकहँड करतो.’ मी त्यांना सांगितलं की काम म्हणजे शेकहँड नव्हे, नुसत्या जॅकेटने किंवा इंटरनेटवरच्या प्रमाणपत्राने कुत्रा कायद्याने सर्व्हिस डॉग ठरत नाही. भारतातून कुत्रा न्यायचा तर १ ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोचिप, रेबीजची लस, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली रक्ततपासणी आणि ठरावीक विमानतळांवरच्या केंद्रात आधी केलेलं आरक्षण लागतं, हेही सांगितलं, आणि एवढ्या मोठ्या कुत्र्याला बहुधा मालवाहू कक्षातूनच जावं लागेल, हेही.

‘म्हणजे त्याला सामानात टाकू?’ काकूंनी विचारलं. ‘तुम्ही तुमच्या हेझलला टाकलं असतंत?’

नसतं टाकलं, आणि मी तसं सांगितलंही. त्यावर काकूंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं असावं, कारण पुढचं वाक्य फार मऊ आवाजात आलं की, मग एक छोटंसं पत्र आणलं तर कोणाचं काय जातं. मी हेझलच्या कानापासून त्या रस्त्याच्या मध्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘पण आमचा ब्रूनो कोणाला चावत नाही हो.’

ब्रूनो सध्या नेरुळला काकूंच्या बहिणीकडे आहे, काकू ह्यूस्टनला आहेत, आणि त्याची ताटातूट माझ्यामुळे झाली असं त्यांनी सोसायटीत सांगितलेलं आहे. ते मला मान्य नाही. नियम मी केलेला नाही. माझं फक्त एक पत्र होतं, आणि त्याच्या विरुद्ध लिहिलेलं आणखी एक.