कुत्र्याला घेऊन टॉवर हिलला निघालात? आधी हे वाचा

टॉवर हिल म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं, जुन्या ज्वालामुखीच्या विवरातलं वन्यजीवांचं राखीव क्षेत्र. मेलबर्नपासून पावणेतीनशे किलोमीटर. सकाळी सहाला निघालो, जिलाँग, कोलॅक करत साडेनऊला पोचलो, आणि आत शिरतानाच कुत्र्यावर फुली मारलेली पाटी दिसली. मागच्या सीटवर आमचा मोती, नऊ वर्षांचा लॅब्राडोर, शेपटी आपटत दार उघडायची वाट बघत होता.

'कुत्र्यांना नेता येईल अशी ठिकाणं' अशी एक यादी मला सापडली होती. त्यात टॉवर हिलच्या नावापुढे पंजाचं चिन्ह, आणि खाली 'पट्टा लावून फिरवा' असा सल्लाही. मी त्यावर विसंबले. अशी यादी लिहिणाऱ्यांचा मला अजून राग आहे, कारण चुकीची किंमत मुक्या जनावराला मोजावी लागते. व्हिक्टोरियातल्या राष्ट्रीय उद्यानांत जवळपास सगळीकडे कुत्र्यांना मज्जाव आहे, स्थानिक वन्यजीवांसाठी राखलेल्या जागांचंही बहुतेक तेच. अंध किंवा अपंग व्यक्तींना मदत करणारी प्रशिक्षित कुत्री हा अपवाद. त्या त्या उद्यानाचं स्वतःचं पान उघडून 'डॉग्ज' हा शब्द शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. बाकी कुणाचंही ऐकू नका, माझंसुद्धा नाही.

गाडीत ठेवून पटकन चक्कर मारून येऊ, हा विचार मनात आला तर तिथल्या तिथे सोडा. बाहेर २८ अंश किंवा त्याहून जास्त तापमान असताना जनावराला गाडीत एकटं १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवणं व्हिक्टोरियात गुन्हा आहे. त्या दिवशी पारा ३१ वर जाणार होता. काचा चार बोटं उघड्या ठेवून फार फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववतं, आणि कोंडलेल्या तापल्या हवेत धापांचा उपयोग होत नाही.

"तू जाऊन ये आधी," नवरा म्हणाला, "मी मोतीला घेऊन कोरोइटला थांबतो. साडेदहाला न्यायला येतो." कोरोइट हे ज्वालामुखीच्या कडेलाच वसलेलं छोटं गाव. पाळीपाळीने जायचं असेल तर वेळ आधीच ठरवून घ्या. माझ्या फोनची रेंज खाली विवरात सारखी जात होती.

आत जे दिसलं त्यासाठी मी पुन्हा जाईन. वाहनतळाजवळच्याच झाडावर कोआला झोपलेला. एमू इतके धीट की बाकावर कोणी डबा उघडला की मान लांब करून हजर. खायला घालू नका, मनाई आहे. शिखराची वाट छोटी पण उभी, चपला घालून चढू नका. वरून तळं, मधल्या टेकड्या आणि पलीकडे समुद्र. दोन वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

ही सगळी झाडी माणसांनी पुन्हा लावलेली आहे, हे वाचून मी थक्क झाले. १८९२ मध्ये हे व्हिक्टोरियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, तरी गुरं चारून आणि दगड खणून जागा उघडीबोडकी झाली होती. १९६१ मध्ये राखीव क्षेत्र झाल्यावर लागवड सुरू झाली. कुठे कोणतं झाड होतं हे ठरवायला ऑयगेन फॉन गेरार्ड या चित्रकाराचं १८५५ चं एक चित्र वापरलं. त्याने पानन् पान इतकं नेमकं रंगवलं होतं की जाती ओळखता आल्या. मग प्राणी परतले. आता इथे कुत्रं का नको हे वेगळं सांगायला लागू नये. कोआला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला जमिनीवर उतरतो, तेव्हा तो कुत्र्याच्या तावडीत सहज सापडतो. घाबरून धावणाऱ्या कांगारूच्या पिशवीतून पिल्लू खाली पडतं. मोती कधी कुणाला चावलेला नाही, पण त्याचा वास आणि एक भुंकणंही त्यांना पुरेसं आहे. बंदी बरोबर आहे. माझा राग फक्त त्या यादीवर.

नवऱ्याची पाळी आली आणि माझा तो सव्वा तास सुरू झाला. अकराचं ऊन, रस्त्याच्या कडेला एका झाडाची सावली, तीही सरकत गेलेली. डांबर तापलेलं. हाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. म्हणून मी मोतीला गवतावरून नेलं, आणि ती दुसरी चूक झाली, ते पुढे सांगते. दोन लिटर पाणी आणलं होतं, साडेअकरालाच संपलं. जीभ लोंबतेय, पोट भात्यासारखं हलतंय, आणि तो माझ्याकडे बघतोय. मी त्याचं पोट आणि पंजे ओल्या ओढणीने पुसत बसले. माणसांचं वेगळं आणि कुत्र्याचं चार लिटर पाणी न्या. पसरट भांडं आणि जुना टॉवेलही.

दुपारी जवळच्या वॉरनंबूलला समुद्रावर गेलो. तो वेळ छान गेला, बास. तिथल्याच मिडल आयलंडची गोष्ट मात्र सांगायला हवी. ओहोटीला कोल्हे चालत बेटावर जात आणि छोट्या पेंग्विनना मारत. शेकड्यांनी असलेले पेंग्विन २००५ मध्ये दहाच्याही खाली आले. २००६ मध्ये एका कोंबडीपालकाच्या कल्पनेवरून मारेम्मा जातीची राखणदार कुत्री बेटावर नेली आणि पेंग्विन सावरले. शिकवलेलं, राखण अंगात भिनलेलं कुत्रं वेगळं आणि आपल्या घरचं लाडकं वेगळं, हे मला तिथे नीट कळलं. किनाऱ्यावर पट्टा सोडू नका. ऑगस्ट ते मार्च हूडेड प्लोव्हर हा चिमुकला पक्षी वाळूतच उघड्यावर अंडी घालतो, ती दिसतही नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. एकटे असाल तर कुत्रं नेऊच नका. दोघं असाल आणि पारा २५ च्या आत असेल तर पाळीपाळीने जमेल, पण एकत्र पाहण्यातली मजा जाते. मेलबर्नहून एका दिवसात तर नकोच, सात तास गाडीत जातात. परतताना कोलॅकपर्यंतच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर संध्याकाळी कांगारू आडवे येतात, उजेड असतानाच तो टप्पा संपवा. सगळ्यात बरं, मोतीसारख्याला ओळखीच्या घरी ठेवा आणि निवांत जा.

रात्री दहाला घरी पोचलो. मोती उजवा पंजा सारखा चाटत होता. दिव्याखाली धरून बोटं फाकवली तर सुक्या गवताची तीन कुसळं. दोन चिमट्याने निघाली, तिसरं कातडीत शिरलेलं होतं. कुसळ मागे सरकत नाही, आतच जात राहतं आणि पू धरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी भूल देऊन ते काढलं. उन्हाळ्यात गवतातून आल्यावर गाडीत बसवण्याआधीच चारही पंजे, कान आणि काखा तपासा.