पोलिश पुरस्कारासाठी वळिवड्याची गोष्ट लिहिताना

बेआता पाव्लाक पुरस्काराबद्दल मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही, म्हणून आधी तेच सांगते. बेआता पाव्लाक ही पोलंडची पत्रकार आणि लेखिका, 'गझेता विबोर्चा' या दैनिकात लिहायची. १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री बालीतल्या कुटा इथे बॉम्बस्फोट झाले, २०२ माणसं मेली, त्यांत ती होती. तिने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की आपल्यामागे जे उरेल त्यातून परक्या धर्मांवर, संस्कृतींवर लिहिणाऱ्यांना मदत व्हावी. त्यातून हा पुरस्कार उभा राहिला आणि वॉर्सातल्या स्तेफान बातोरी फाउंडेशनने तो चालवला. योआन्ना बातोर यांना तो जपानवरच्या पुस्तकासाठी मिळाला, वितोल्द शाब्वोव्स्की यांना तुर्कस्तानवरच्या. दुसऱ्यांना समजून घ्यायची ओढ असलेली बाई द्वेषाच्या स्फोटात गेली आणि तिच्या पुंजीतून अशीच ओढ असलेल्यांना बळ मिळालं. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना.

मी कोल्हापूरची, नोकरीनिमित्त वॉर्सात आले आणि इथेच राहिले. पोलिश भाषा आधी गरज म्हणून शिकले, मग गोडी लागली ती इथल्या रिपोर्ताजमुळे, म्हणजे माणसांत फिरून लिहिलेल्या खऱ्या हकिगतींमुळे. पोलंडमध्ये रिपोर्ताज हा साहित्याचा मानाचा प्रकार आहे. शहराच्या मध्यवस्तीत 'व्झेन्ये श्व्याता' नावाचं पुस्तकांचं दुकान आहे, तिथे मुख्यतः हीच पुस्तकं मिळतात आणि कॉफी पीत चाळता येतात. या पुरस्काराची जी अट मला भिडली ती म्हणजे मजकूर पोलिश भाषेत प्रसिद्ध झालेला हवा. भाषेची अट होती, पासपोर्टची नव्हती. म्हटलं, मग आपण का नाही?

विषय शोधावा लागला नाही. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सोव्हिएत राजवटीने सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४२ मध्ये त्यांतले काही इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांपैकी सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. वॉर्सात जामनगरच्या जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, 'चांगल्या महाराजाचा चौक'. त्यांनी जामनगरजवळच्या बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला होता. कोल्हापूरच्या स्मरणार्थही वॉर्सात फलक आहे, तो २०१७ सालचा. छावणीत वाढलेल्या मुलांनी म्हातारपणी भरभरून आठवणी लिहिल्या. शाळा, चर्च, स्काउट, नाटकं, पंचगंगेत पोहणं, सगळं त्यांत येतं. त्यांत गावकरी मात्र दूरवर दिसतात, दूध घालायला येतात आणि निघून जातात. ते घरी गेल्यावर काय बोलत होते हे पोलिश वाचकाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं ठरवलं.

सुट्टीला गेले की उचगाव, चिंचवाड, वळिवडे अशी फिरले. ज्यांना स्वतःचं आठवतंय अशी माणसं आता मोजकीच उरलीत, नव्वदीच्या पुढची. बाकीच्यांकडे ऐकीव. माझी आज्जी त्या वेळी दहा-अकरा वर्षांची होती, आईबरोबर छावणीच्या फाटकाशी अंडी विकायला जायची. तिने सांगितलेली एक गोष्ट लेखाचा कणा झाली. एक पोलिश बाई रोज अंडी घ्यायची. टोपलीतलं एकेक अंडं उचलून, एक डोळा मिटून, उन्हासमोर धरायची, बघून झालं की पदरात ठेवल्यासारखं फ्रॉकच्या ओच्यात ठेवायची. आज्जीच्या आईला आधी राग यायचा, आपल्या मालावर विश्वास नाही म्हणून. मग एकदा त्या बाईने एक अंडं परत केलं आणि बोटाने आत दाखवलं, त्यात पिल्लू धरलं होतं. खुडूक कोंबडीखाली ठेवायला परत दिलं होतं तिने. तेव्हापासून आज्जीची आई तिच्यासाठी अंडी वेगळी काढून ठेवायची.

लेख पोलिशमध्येच लिहिला. मराठीत लिहून मग भाषांतर करायचं नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं, कारण वाचक समोर दिसायला हवा होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसायचे, त्याच्या छपरावर बाग आहे, डोकं शिणलं की वर जायचे. कारोवा रस्त्यावर मौखिक इतिहासाचा संग्रह आहे, तिथे सैबेरियातून सुटलेल्यांच्या मुलाखती ऐकल्या. थकलेल्या आवाजात कुणी मध्येच 'पानी', 'चलो' असं म्हणायचं आणि मला घेरी आल्यासारखं व्हायचं.

सगळ्यात कस लागला तो संपादनात. ज्या त्रैमासिकाने लेख घेतला तिथल्या संपादिकाबाईंनी समासात प्रश्नच प्रश्न लिहिले. अंडी पैशाला की बदल्यात? फाटकावर पहारा कोणाचा? तुमच्या पणजीबाई घरात जाऊ शकायच्या का? छावणीला रेशन मिळत होतं तेव्हा शेजारच्या गावात काय खात होते? हा शेवटचा प्रश्न मी कितीतरी दिवस मनात घेऊन फिरले. त्याच काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, महागाईने सगळीकडे माणसं पिचलेली होती. कोल्हापूरचं मन मोठं, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंच आहे. पण ज्यांच्या घरात आधीच ओढाताण होती त्यांनी शेजार स्वीकारला, हे सांगितल्याशिवाय तो मोठेपणा दिसत नाही. म्हणून तो भाग नव्याने लिहिला. आज्जीला फोनवर पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "आमी जोंधळ्याच्या कण्याच खायचो गं, अंडी घरात कोन खातंय?" हे वाक्य तसंच लेखात गेलं.

संपादिकाबाईंनी एक गोष्ट मात्र कापायला लावली, 'अतिथी देवो भव'. त्यांचं म्हणणं, हे प्रत्येक भारतीय माणूस आम्हाला सांगतो, तुमच्या पणजीबाईंनी ते कधी म्हटलं होतं का? म्हटलं नव्हतं. कापलं. त्या बरोबर होत्या असं मला आजही वाटतं.

लेख छापून आला, त्रैमासिकानेच पुरस्कारासाठी पाठवला. माझ्याकडून थोडक्यात परिचय मागवला आणि मग वाट बघणं सुरू झालं. पुरस्कार दुसऱ्याला मिळाला. ज्या पुस्तकाला मिळाला ते मी विकत घेऊन वाचलं, वर्षानुवर्षं तिथल्या माणसांत राहून केलेलं काम होतं, आणि मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे प्रवासवर्णनाला वाचक भरपूर आहे. पण परक्या समाजात रुतून बसून मराठीत लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभा राहणारा असा एखादा निधी असता तर केवढं काम झालं असतं, असं तेव्हापासून सारखं वाटतं.

लेख वाचून क्राकूवहून एका बाईंचं पत्र आलं. त्यांची आई छावणीत वाढली होती. आईला मरेपर्यंत अंडं उजेडात धरून बघायची सवय होती, असं त्यांनी लिहिलंय. ही तीच बाई असं मी म्हणणार नाही, तशी सवय तेव्हा घरोघर असणार. पण आता आमचा पत्रव्यवहार चालू आहे आणि त्यांना वळिवडे बघायचं आहे.

पुढचा लेख गांधीनगरवर लिहिते आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि आजची कापडाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. बांबूच्या तट्ट्यांच्या आणि कौलांच्या त्या बराकींत त्यांनी पहिली वर्षं कशी काढली, आधीच्या माणसांच्या कुठल्या वस्तू सापडल्या, हे मला हवं आहे. तुमच्या घरात कुणी सांगणारं असेल, गांधीनगरचं किंवा उचगाव, वळिवड्याचं, तर त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा आणि मला कळवा. मी डिसेंबरात कोल्हापुरात आहे.