‘अचानक’ हा शब्द मी खोडला

सोमवार, रात्री बारा

आईंच्या उजव्या मनगटावर चार भोकं आहेत, टाचणीच्या टोकाएवढी. रक्त फार आलं नाही म्हणून त्या म्हणत होत्या, हळद दाबते आणि झोपते. मी त्यांचा हात धरून मोरीत नेला, नळ सोडला आणि साबण लावून घड्याळ बघत पंधरा मिनिटं धूत राहिले. उभ्या उभ्या त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चार वर्षं माझ्या पायाशी झोपते गं ती," एवढंच दोनदा म्हणाल्या.

आमची मांजर चिंगी कपाटावर चढून बसली होती. शेपटी बाटल्या धुवायच्या ब्रशसारखी फुगलेली, डोळ्यांत बुबुळाचा हिरवा रंग उरलाच नव्हता, सगळं काळं. मला तिचा इतका राग आला की तिच्याकडे बघवेना. झोपण्याआधी वहीत एक ओळ लिहिली: चिंगी आज आईंना अचानक चावली.

मंगळवार

सकाळी हात बोटांच्या मुळापर्यंत सुजलेला, लाल आणि गरम. त्यात आईंना मधुमेह. आठ वाजताच डॉक्टरांकडे गेलो.

मांजराचे सुळे सुईसारखे असतात, हे त्यांनी नीट समजावलं. कुत्रा चावला की मांस फाटतं, जखम डोळ्यांना दिसते. मांजराचा दात खोल घुसतो, बाहेर येतो आणि वरची कातडी मिटून जाते. तोंडातले जंतू आत, सांध्याजवळ नाहीतर स्नायूंच्या दोऱ्यांपाशी अडकतात. म्हणून हाताला मांजर चावलं तर सूज येईपर्यंतही थांबायचं नसतं. मी रात्रीच निघायला हवं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू झाल्या. मग त्यांनी चिंगीच्या रेबीजच्या लसीबद्दल विचारलं आणि मी खाली बघितलं. गेल्या वर्षीची लस राहून गेली होती. घरातच असते, कुठे जाते, असं म्हणत मी ती पुढे ढकलली होती.

त्यामुळे आईंना पूर्ण उपचार. रक्त आलेला चावा म्हणून जखमेच्या भोवती एक वेगळं इंजेक्शन, आणि लस 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी. आई घाबरल्या होत्या, कारण त्यांच्या मनात अजून पोटातली चौदा इंजेक्शनंच होती. ती जुनी लस आपल्याकडे बंद होऊन वीस वर्षं झाली, आता दंडावर देतात, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. आमच्यावर एक काम सोपवलंय: दहा दिवस मांजर डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही. ते खातंय-पितंय, नीट वागतंय ना, हे बघायचं.

संध्याकाळी दिरांचा फोन आला. "पोत्यात घाला आणि मंडईत सोडून या. उंदीर खाऊन जगेल." मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, असं आई नेहमी म्हणतात. दीर म्हणाले, मारायला कोण सांगतंय, सोडायचंच तर आहे. मंडईतल्या मांजरांच्या हद्दी ठरलेल्या असतात, हे मला रोजच्या भाजीच्या फेऱ्यांनी माहीत आहे. रस्ता म्हणजे काय हे ज्या मांजराला ठाऊक नाही, त्याला तिथे सोडणं मला मारण्याहून वेगळं वाटत नाही. मी नाही म्हणाले. पण चावा माझ्या हाताला नव्हता, आणि आई गप्प होत्या. त्यांचं गप्प राहणं मला रात्रभर टोचत राहिलं.

बुधवार

आज दुपारी वही घेऊन बसले आणि चिंगीने आजवर ज्यांना ज्यांना चावलं-बोचकारलं, ते सगळं आठवून लिहून काढलं. कुठे, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं.

पाच मिनिटांत पान भरलं. लाज वाटावी इतकं भरलं.

भांड्यांच्या मावशींचा घोटा, तीन वेळा. तिन्ही वेळा सकाळी, त्या साडीचा ओचा हलवत झपझप आत येतात तेव्हा, आणि चिंगी सोफ्याखाली असताना. माझ्या लेकाचे हात तर मोजण्यापलीकडचे, कोपरापर्यंत ओरखडे. गेल्या श्रावणी शुक्रवारी जिवतीच्या पूजेला जेवायला आलेल्या आईंच्या मैत्रिणीला पंजा मारला. ती मांडीवर छान घुरघुरत होती, मग एकदम उलटली, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो.

पण लिहिताना त्या शुक्रवारचं आणखी काही आठवलं. त्या बाई तिच्या पाठीवरून, मग शेपटीच्या मुळाशी, मग पोटाशी, असा न थांबता हात फिरवत होत्या. चिंगीच्या शेपटीचं टोक आधी हलू लागलं, मग शेपूट सोफ्यावर आपटू लागली. पाठीची कातडी शहारली. कान बाजूला वळले. घुरघुर थांबली होती, हेही मला आठवतंय, कारण तेव्हाच पंख्याचा आवाज ऐकू आला होता. हे सगळं मी वाढपाच्या गडबडीत, हातात वरणाचं भांडं धरून बघितलं आणि पुढे गेले. तिने निदान चार वेळा ‘पुरे’ म्हटलं होतं. पाचव्यांदा पंजाने म्हणाली.

लेकाच्या ओरखड्यांचा दोष तर सरळ आमचा. चिंगी आली तेव्हा जेमतेम महिन्याची होती. आमच्या गल्लीतला एक वाडा पाडत होते, तिथल्या वाशांखाली एकटी सापडली. पिल्लं आईशी आणि भावंडांशी झोंबताना शिकतात की जोरात चावलं तर समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो. तिला ना आई मिळाली, ना भावंडं. तिला मिळाली आमची बोटं. चादरीखालून बोटं नाचवायची, तिने झडप घालायची, आणि आम्ही सगळे कौतुकाने हसायचो. हात ही शिकार आहे, हे आम्हीच शिकवलं. तेव्हा ती माझ्या तळव्यावर मावायची, म्हणून तिचे दात गोड वाटायचे.

‘अचानक’ हा शब्द मी वहीत खोडला. फक्त सोमवारचं कोडं सुटत नव्हतं. सोमवारी तिला कुणी कुरवाळलं नव्हतं, खेळवलं नव्हतं. आई फक्त तिला उचलायला वाकल्या होत्या.

शुक्रवार

सोमवारचं कोडं सुटलं.

आईंना लसीचा दुसरा डोस देऊन आणला, सूज ओसरतेय. रात्री जेवणं झाल्यावर मी दिवे मालवून गॅलरीत बसले. नदीपात्रातला ढोलांचा सराव थांबला होता. साडेदहाच्या सुमारास शेजारच्या पत्र्यावरून एक मोठा पिवळा बोका आला, आमच्या ग्रिलपाशी थांबला, वळला आणि ग्रिलवर फवारा मारून निघून गेला. आत काचेशी चिंगी होती. तिच्या घशातून असा आवाज निघाला, जो मी चार वर्षांत ऐकला नव्हता. शेपूट पुन्हा त्याच ब्रशसारखी.

सोमवारीही साडेदहाच वाजले होते. आईंनी तिचं ओरडणं ऐकलं, घाबरलं बिचारं म्हणून मायेने उचलायला गेल्या. बोका काचेपलीकडे, हात लावायला मिळत नाही. जो समोर आला त्याच्यावर ते सगळं निघालं. अशा वेळी मांजर आपल्या माणसालाही ओळखत नाही आणि शांत व्हायला त्याला काही तासही लागू शकतात. आज मी तिच्याकडे गेले नाही, बोललेही नाही. खोलीतला दिवा बंद केला, दार ओढून घेतलं. बाराला दार उघडलं तेव्हा ती पाय चाटत बसली होती.

आईंना उठवून सांगितलं. त्या अंथरुणात बसून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावर राग नव्हता तिचा?"

शनिवार

प्राण्यांच्या डॉक्टरांनी आधी अंग तपासलं. दात, कान, सांधे, पोट. मांजर दुखणं लपवतं, आणि दुखऱ्या जागी हात लागला की चावतं, म्हणून स्वभावाला दोष देण्याआधी हे बघायचं असतं, असं म्हणाले. एका दाढेपाशी हिरडी लाल आहे, त्याचं औषध दिलं. रेबीजची लस दहा दिवसांचं लक्ष ठेवणं संपल्यावर. मी घाबरत विचारलं, कुणीतरी नख्याच काढून टाकायला सांगतंय. त्यांनी माझंच बोट धरून शेवटचं पेर दाखवलं. नखी काढणं म्हणजे एवढा तुकडा कापणं. मी हात मागे घेतला. त्याऐवजी पुढच्या नख्यांची टोकं कापायला शिकवलं, आतल्या गुलाबी शिरेच्या अलीकडेच थांबायचं.

पाण्याचा फवारा मारायचा नाही, नाकावर टिचकी नाही. आम्ही दोन्ही केलेलं आहे. त्याने ती चावायची थांबत नाही, फक्त शेपूट हलवून सांगायची थांबते. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

पुढचा रविवार

लेकाने वेताच्या काठीला सुतळी आणि कापडाची गाठ बांधली आहे. संध्याकाळी दहा मिनिटं ती गाठ पळते, चिंगी धावते, शेवटी तिला ती पकडू द्यायची आणि लगेच खायला घालायचं. दात किंवा नख हाताला लागलं की खेळ तिथेच बंद, न ओरडता. कालच त्याच्या मनगटावर नवा ओरखडा उठला. तो उठून बाहेर गेला, पाच मिनिटांनी परत आला. मावशी आता जिन्यातूनच हाक मारतात, मग मी सोफ्याखाली बघते.

ग्रिल धुतलं, वास जाईपर्यंत. काचेचा खालचा अर्धा भाग खाकी कागदाने झाकला आहे. बोका कालही आला होता, पत्रा वाजला, पण तिला तो दिसला नाही.

आज दुपारी आई कॉटवर बसल्या होत्या, पट्टी सुटलेली. चिंगी खाली येऊन बसली. आईंनी तिला उचललं नाही. एक बोट पुढे धरलं आणि थांबल्या. तिने वास घेतला, गाल घासला. आईंनी हनुवटीखाली खाजवलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि शेपटीकडे बघत हात आपणहून मागे घेतला. अजून त्या तिला पायाशी झोपू देत नाहीत. खोलीचं दार रात्री लावूनच घेतात, आणि मी त्यांना त्याबद्दल काही बोललेले नाही.