व्हरांड्यातली चप्पल

२०१९च्या भरतीत पवित्र पोर्टलवरून मला जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. शिक्षणसेवक, मानधन महिना ६,०००. डी.एड.ला गुण चांगले होते, त्यामुळे आपल्याला शिकवता येतं असा माझा समज होता. पहिल्या मुख्याध्यापकांनी तो तीन महिन्यांत उतरवला. वर्ग चालू असताना यायचे, हातातला खडू घ्यायचे आणि पोरांसमोरच म्हणायचे, "मॅडम, असं नसतं." लॉगबुकात शेरा: 'अध्यापनात सुधारणा आवश्यक.' कुठली, ते कधीच नाही. व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की माझा आवाज खाली यायचा. दुसरीतल्या पोरांनाही ते कळायचं.

त्यांची बदली झाली आणि मोठ्या बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात वर्गात मागे सतरंजीवर पोरांत बसल्या. वजाबाकी चालली होती. बाहेर पडताना एवढंच विचारलं, "खिडकीजवळचा तो, ५२ मधून ३८ गेले की २६ का म्हणतो हो?"

म्हटलं, "२ मधून ८ जात नाहीत ना, म्हणून तो सरळ ८ मधून २ काढतो. मी त्याला काड्यांचा गठ्ठा सोडायला लावते."

"माझ्या चौथीतही दोघं असंच करतात. उद्या तुम्ही चौथी घ्या, मी दुसरी सांभाळते."

शाबासकी वगैरे काही नाही. पण त्या संध्याकाळी एसटीत मी चौथीच्या तासाला काड्या किती लागतील ते मोजत बसले होते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडलंय, की आपल्याला जमेल हा भरवसा कौतुकापेक्षा प्रत्यक्ष जमल्याने येतो. मी ते परीक्षेत लिहून गुणही घेतले होते!

पुढे साहेबांच्या शाळाभेटीत माझा एक मुलगा जोडाक्षरावर अडला. मी घामाघूम. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, जूनला याला अक्षरओळख नव्हती." त्यांना जून माहीत होता, हे मला जास्त भिडलं.

आता त्या निवृत्त झाल्या, प्रभारी पद माझ्याकडे आलं. परवा नव्या सरांच्या फळ्यावर चूक दिसली. आत गेले, खडू घेतला, दुरुस्त केली. पोरांसमोर. मधल्या सुट्टीत सॉरी म्हटलं. "असू दे मॅडम," ते हसले.

काल व्हरांड्यातून जाताना त्यांचा आवाज खाली आला.